वाचकांचे प्रश्न : रास्पबेरी पायवरचा डेटाबेस दुसऱ्या संगणकावरून कसा उघडायचा?

या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच अडचणीभोवती फिरतात : रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर (पुढे नुसते ‘पाय’) डेटाबेस व्यवस्थित चालतो, पण दुसऱ्या संगणकावरून तो उघडत नाही. म्हणून सगळी उत्तरे एकत्र देत आहोत. आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकायची. टिंब, आडवी रेघ, तिरपी रेघ जिथे छापली आहे तिथेच द्यायची.

प्रश्न : द्राक्षबागेतील मातीचा ओलावा आणि तापमान यांच्या नोंदी मी रास्पबेरी पाय ४ वर मारियाडीबी या डेटाबेसमध्ये साठवतो. पायवर बसून सगळे दिसते. घरच्या विंडोज लॅपटॉपवरून हायडीएसक्यूएल या डेटाबेस पाहण्याच्या प्रोग्रामने जोडले की ‘कॅन्ट कनेक्ट टू सर्व्हर’ असे येते आणि कंसात १००६१ हा आकडा. पिंग मात्र लागतो. पासवर्ड तीनदा बदलून पाहिला. (एक बागायतदार, निफाड)

पासवर्ड बदलू नका, तुमची विनंती अजून पासवर्डपर्यंत पोहोचलेलीच नाही. पिंग लागतो याचा अर्थ पाय चालू आहे आणि वाट मोकळी आहे, एवढाच. डेटाबेसपर्यंत जायला तीन दारे ओलांडावी लागतात : मारियाडीबी कोणत्या पत्त्यावर ऐकते, आलेल्या खात्याला त्या ठिकाणाहून परवानगी आहे का, आणि मध्ये फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारा पहारेकरी) आहे का. कोणते दार बंद आहे ते त्रुटीचा क्रमांकच सांगतो, म्हणून तो नीट वाचायची सवय लावा.

१००६१ म्हणजे पायने जोडणी तत्काळ नाकारली. त्या पोर्टवर (सेवेच्या दाराचा क्रमांक, मारियाडीबीचा ३३०६) कोणी ऐकतच नाही. (लिनक्सवरून जोडलात तर हाच आकडा १११ दिसतो.) १००६० किंवा ११० आला, आणि तोही बराच वेळ थांबल्यावर, तर विनंती वाटेत गिळली गेली. तिथे फायरवॉलचा किंवा चुकीच्या पत्त्याचा संशय घ्या. ११३० म्हणजे पहिले दार ओलांडले, पण तुमच्या लॅपटॉपच्या पत्त्यावरून कोणत्याच खात्याला परवानगी नाही. पासवर्डचा विचार करायचा तो १०४५ आला तर, आणि तेव्हाही आधी खात्याचे नाव आणि त्याचे ठिकाण तपासा.

पायवर ही आज्ञा द्या :

सुडो एसएस -टीएलएनपी

३३०६ असलेल्या ओळीत १२७.०.०.१:३३०६ दिसेल. डेबियन या लिनक्सवर, आणि म्हणून त्यावर आधारलेल्या रास्पबेरी पाय ओएसवरही, मारियाडीबी मुळात फक्त स्वतःच्या यंत्रापुरती ऐकते. हा दोष नाही, मुद्दाम घेतलेली काळजी आहे. ती ओळ /इटीसी/मायएसक्यूएल/मारियाडीबी.कॉन्फ.डी/५०-सर्व्हर.सीएनएफ या फाइलीत ‘बाइंड-ॲड्रेस’ नावाने सापडेल. तीच फाइल बदलली तरी चालते, पण पुढे अद्ययावत करताना ‘तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ’ असा प्रश्न येतो आणि घाईत चुकीचे उत्तर दिले जाते. त्यापेक्षा त्याच फोल्डरात ९९-बाग.सीएनएफ अशी स्वतःची फाइल करा. या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, त्यामुळे शेवटी वाचलेली ओळ लागू होते. नावाचा शेवट .सीएनएफ असाच हवा, नाहीतर फाइल वाचलीच जात नाही. तिच्यात दोन ओळी :

[मायएसक्यूएलडी]
बाइंड-ॲड्रेस = ०.०.०.०

मग ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट मारियाडीबी’. पुन्हा एसएस चालवा, आता ०.०.०.०:३३०६ दिसले पाहिजे. लॅपटॉपवर पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.५० -पोर्ट ३३०६’ द्या (पत्ता तुमच्या पायचा). शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आले की पहिले दार उघडले.

आता हायडीएसक्यूएल ११३० दाखवेल, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. मारियाडीबीत खाते म्हणजे नुसते नाव नव्हे. नाव आणि ठिकाण मिळून एक खाते होते. ‘बाग’@‘लोकलहोस्ट’ आणि ‘बाग’@‘१९२.१६८.१.%’ ही दोन वेगळी खाती आहेत, पासवर्ड वेगळे आणि अधिकारही वेगळे. पहिल्याला कितीही अधिकार दिले तरी लॅपटॉपवरून येणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. पायवर ‘सुडो मारियाडीबी’ करून :

क्रिएट यूजर ‘रीडर’@‘१९२.१६८.१.%’ आयडेंटिफाइड बाय ‘लांबलचक पासवर्ड’;
ग्रँट सिलेक्ट ऑन बाग.* टू ‘रीडर’@‘१९२.१६८.१.%’;

छपाईतल्या वाकड्या अवतरणचिन्हांऐवजी कीबोर्डवरचे साधे सरळ चिन्ह वापरा. शेवटी ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ देण्याची प्रथा आहे, पण क्रिएट यूजर आणि ग्रँट वापरले असतील तर तिची गरज नसते.

लॅपटॉपला फक्त ‘सिलेक्ट’ दिले आहे ते पाहा. नोंदी पाहण्यासाठी तेवढे पुरते. सेन्सरच्या प्रोग्रामसाठी वेगळे खाते, त्याला फक्त ‘इन्सर्ट’. रूटला बाहेरून येऊ द्यायचा मोह अनेकांना होतो. डेबियनने रूटचे खाते यंत्रावरच्या सुडोशी बांधून ठेवले आहे, ते तसेच राहू द्या. हंगामभराच्या नोंदी एका चुकीच्या ‘ड्रॉप’ आज्ञेने जातात, आणि ती आज्ञा परक्याने दिली काय की घरच्याच हातून चुकून गेली काय, नुकसान तेवढेच.

तिसरे दार. रास्पबेरी पाय ओएसवर फायरवॉल आपणहून चालू नसते, त्यामुळे तुमच्याकडे ते बंद नसणार. पण बाइंड-ॲड्रेस मोकळा केल्यावर ते बसवणे तुमचे काम आहे. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल यूएफडब्ल्यू’ केल्यावर आज्ञांचा क्रम पाळा :

सुडो यूएफडब्ल्यू अलाव एसएसएच
सुडो यूएफडब्ल्यू अलाव फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ३३०६ प्रोटो टीसीपी
सुडो यूएफडब्ल्यू एनेबल

एसएसएचची (दुसऱ्या संगणकावरून पायच्या टर्मिनलमध्ये येण्याच्या सेवेची) ओळ विसरून ‘एनेबल’ केले तर पाय तुम्हालाच आत घेणार नाही, आणि बागेतल्या पेटीपर्यंत मॉनिटर व कीबोर्ड घेऊन जावे लागेल.

पायचा पत्ता कायम राहावा म्हणून राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) पानावर पायच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे त्याच्या जाळ्यावरच्या कायमच्या ओळखीसाठी, तो राखून ठेवा. पायवरच पत्ता ठरवायचा असेल तर जुन्या लेखांतली डीएचसीपीसीडी.कॉन्फ फाइल विसरा. रास्पबेरी पाय ओएसच्या २०२३ मधल्या बुकवर्म आवृत्तीपासून हे काम नेटवर्कमॅनेजर पाहतो. त्या फाइलीत काहीही लिहिले तरी कोणी वाचत नाही आणि चूकही दाखवत नाही.

प्रश्न : पाय गावी, रत्नागिरीजवळ. मी पुण्यात. राउटरवर ३३०६ पोर्ट फॉरवर्ड केले (बाहेरून येणारी विनंती पायकडे वळवली), तरी बाहेरून डेटाबेस लागत नाही. काय राहिले?

काहीही राहिलेले नाही, आणि ते लागले नाही हे बरेच झाले. फॉरवर्ड केलेली ती ओळ आधी काढून टाका. इंटरनेटवर उघडे ३३०६ पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम अखंड चालू असतात. घरच्या जोडणीला कोण विचारतो, असे समजू नका. ते प्रोग्राम घर आणि कंपनी यांत फरक करत नाहीत.

न लागण्याचे कारण बहुधा असे आहे. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळत नसेल, तर तुमची कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते आहे. याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या यंत्रावरच थांबते, तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग इथे कधीच चालणार नाही.

अशा वेळी जोडणी आतून बाहेर काढायची. सर्वांत कमी कष्टाचा मार्ग टेलस्केल, म्हणजे दूरच्या यंत्रांचे खासगी जाळे बांधणारा प्रोग्राम. पाय आणि लॅपटॉप दोन्हींवर ते बसवायचे, एकाच खात्याने आत यायचे, की दोन्ही यंत्रांना १००ने सुरू होणारा खासगी पत्ता मिळतो आणि मधला प्रवास कूटबद्ध होतो. एक गोष्ट त्याच दिवशी करून टाका : टेलस्केलच्या व्यवस्थापन पानावर पायसमोर ‘डिसेबल की एक्स्पायरी’ निवडा. मूळ मांडणीत किल्ली १८० दिवसांनी संपते. संपली की पाय गप्प होतो, आणि पुन्हा आत येण्यासाठी कोणाला तरी गावी जावे लागते.

टेलस्केल झाल्यावरही मारियाडीबीचा बाइंड-ॲड्रेस १२७.०.०.१ वरच ठेवा आणि एसएसएचच्या बोगद्यातून (तिच्या कूटबद्ध जोडणीच्या आतून) जा. आमच्या मते गावाबाहेरून येणाऱ्यांसाठी हाच मार्ग योग्य आहे : डेटाबेस स्वतःच्या घरातच राहतो, आणि बाहेरच्याला एसएसएचची किल्ली दाखवूनच आत यावे लागते. लॅपटॉपवर :

एसएसएच -एन -एल ३३०७:१२७.०.०.१:३३०६ तुमचेनाव@पायचा-टेलस्केल-पत्ता

(-एन आणि -एल इथे मोठ्या इंग्रजी अक्षरांत.) ही खिडकी उघडी ठेवून हायडीएसक्यूएलमध्ये पत्ता १२७.०.०.१ आणि पोर्ट ३३०७ द्या. ३३०७ अशासाठी, की लॅपटॉपवर आधीच एखादे मायएसक्यूएल चालू असेल तर ३३०६ अडलेले असते. पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहू नका. लिनक्स आणि मॅकवरचा क्लायंट अनेकदा तो शब्द दिसला की पोर्ट सोडून स्वतःच्याच यंत्रावरचे सॉकेट शोधतो, आणि तुम्ही बोगदा चुकला असे समजत बसता.

डीबीव्हरमध्ये (हायडीएसक्यूएलसारखाच प्रोग्राम) बोगद्याची सोय आतच आहे, पण तिथे एक चूक हमखास होते. एसएसएचच्या पानावर पायचा पत्ता द्यायचा आणि मुख्य पानावर १२७.०.०.१. मुख्य पानावरचा पत्ता पायच्या नजरेतून वाचला जातो, लॅपटॉपच्या नव्हे. दोन्हीकडे पायचा पत्ता लिहिलात की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’.

बोगद्यातून आलेली जोडणी मारियाडीबीला पायवरूनच आल्यासारखी दिसते. म्हणून इथे खाते ‘रीडर’@‘लोकलहोस्ट’ असे लागते. सेटिंगमध्ये ‘स्किप-नेम-रिझॉल्व्ह’ चालू केले असेल तर मात्र ‘रीडर’@‘१२७.०.०.१’.

एसएसएचलाही पासवर्डवर सोडू नका. ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ने किल्ली करा, तिचा सार्वजनिक भाग पायवर टाका, किल्लीने आत येता येते याची खात्री करा, आणि मगच ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहा. सेवा पुन्हा सुरू करताना आधीची खिडकी बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून आत आलात की मगच पहिली मिटा.

टेलस्केल नको असेल आणि तुमच्याकडे भाड्याचा छोटा सर्व्हर असेल, तर पायवरून त्याच्याकडे उलटा बोगदा काढता येतो : एसएसएचला -एल ऐवजी -आर (तेही मोठे अक्षर). ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३०’ आणि ‘एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर येस’ हे दोन पर्याय द्या आणि ऑटोएसएसएचने तो चालू ठेवा. दुसरा पर्याय नसेल तर जोडणी जिवंत दिसते आणि बोगदा मात्र उभाच राहिलेला नसतो.

प्रश्न : वीज जाऊन आली की दोन गोष्टी होतात. कधी मारियाडीबी सुरूच होत नाही, आणि सुरू झाली तर पहिल्या काही नोंदींवर जुनी वेळ पडते. (शाळेची प्रयोगशाळा, सांगली जिल्हा)

पहिल्या भागाचे कारण तुमच्या पत्रातच आहे. बाइंड-ॲड्रेसमध्ये तुम्ही पायचा पत्ता १९२.१६८.०.२० असा लिहिला आहे. वीज आली की पाय आणि राउटर एकदमच उठतात, पण राउटरला पूर्ण जागे व्हायला जास्त वेळ लागतो. पायला पत्ता मिळण्याआधीच मारियाडीबी त्या पत्त्यावर बसायला जाते, तो अजून अस्तित्वातच नसतो, आणि ती बंद पडते. ‘जर्नलसीटीएल -यू मारियाडीबी -बी’ पाहिलेत तर ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ सापडेल. बाइंड-ॲड्रेस ०.०.०.० करा आणि वर दिलेल्या फायरवॉलच्या ओळी तुमच्या १९२.१६८.०.०/२४ जाळ्यासाठी लिहा.

दुसरा भाग घड्याळाचा. पाय ४ आणि त्याआधीच्या पायांवर बॅटरीचे घड्याळ नाही. बंद पडण्याआधी केव्हातरी साठवलेली वेळ घेऊन तो उठतो आणि इंटरनेट मिळाल्यावर ती सुधारतो. मधल्या नोंदी खोट्या वेळेच्या. इंटरनेट भरवशाचे असेल तर ‘सिस्टिमडी-टाइम-वेट-सिंक’ ही सेवा एनेबल करा आणि सेन्सर प्रोग्रामच्या युनिट फाइलीत ‘आफ्टर=टाइम-सिंक.टार्गेट’ व ‘वॉन्ट्स=टाइम-सिंक.टार्गेट’ लिहा. घड्याळ जुळेपर्यंत प्रोग्राम थांबून राहील.

इंटरनेट तासन्‌तास जात असेल तर डीएस३२३१ घड्याळाचा मॉड्यूल लावा. जोडणी चार तारांची : व्हीसीसी पायच्या १ क्रमांकाच्या पिनला, एसडीए ३ ला, एससीएल ५ ला, ग्राउंड ९ ला. व्हीसीसी चुकूनही २ किंवा ४ क्रमांकाच्या पिनला देऊ नका, तिथे ५ व्होल्ट असतात. मॉड्यूलवरचे रोध एसडीए आणि एससीएल या तारा व्हीसीसीच्या पातळीला खेचतात, आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या वर सहन करत नाहीत. मग रास्पी-कॉन्फिगमधून आयटूसी चालू करा, /बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये ‘डीटीओव्हरले=आयटूसी-आरटीसी,डीएस३२३१’ ही ओळ घाला आणि पाय पुन्हा सुरू करा. ‘सुडो आयटूसीडिटेक्ट -वाय १’ने ६८ च्या जागी ‘यूयू’ दिसले म्हणजे घड्याळ ओळखले गेले. पाय ५ वर घड्याळ मुळातच आहे, फक्त त्याची छोटी बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

प्रश्न : मेमरी कार्ड आठ महिन्यांत दुसऱ्यांदा गेले. डेटाबेसमुळे जाते का?

बऱ्याच अंशी. शंभर बाइटांची एक नोंद टाकली तरी इनोडीबी (मारियाडीबीचा साठवणीचा भाग) १६ किलोबाइटचे पूर्ण पान लिहिते, तेही सुरक्षिततेसाठी दोनदा, शिवाय लॉग वेगळा. आणि प्रत्येक कमिटला (नोंद पक्की करण्याला) ‘आत्ताच्या आत्ता कार्डावर उतरव’ असा आग्रह. तुमच्या प्रोग्राममध्ये सहा सेन्सरांचे सहा वेगळे कमिट आहेत. ते एका व्यवहारात आणा. सेटिंगमध्ये ‘इनोडीबी_फ्लश_लॉग_ॲट_टीआरएक्स_कमिट = २’ केले तर लॉग सेकंदातून एकदाच कार्डावर पक्का होतो; वीज गेली तर शेवटच्या सेकंदाच्या नोंदी जाऊ शकतात. तापमानाच्या नोंदींना ते चालते. पैशांच्या हिशोबाला नाही, तिथे १ च ठेवा.

खरा उपाय यूएसबी एसएसडी. पाय ४ च्या निळ्या पोर्टला लावा, ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा (एक्सफॅटवर फाइलींची मालकी टिकत नाही आणि मारियाडीबी उठत नाही) आणि एफएसटॅबमध्ये यूयूआयडीने माउंट करा. मारियाडीबी थांबवून ‘सुडो आरसिंक -ए’ने /व्हार/लिब/मायएसक्यूएल तिकडे न्या आणि सेटिंगमधले डेटाडिर (डेटा कुठे आहे ते सांगणारी ओळ) बदला. जागा /एसआरव्ही खाली निवडा. /होम खाली ठेवलात तर सगळ्या परवानग्या बरोबर असूनही ‘एररनो १३’ येत राहील, कारण मारियाडीबीची सेवा /होम पाहूच शकत नाही अशी बांधलेली आहे. शेवटी ‘सिस्टिमसीटीएल एडिट मारियाडीबी’ करून [युनिट] खाली ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=’ पुढे तो मार्ग लिहा, म्हणजे डिस्क माउंट होण्याआधी सेवा उठायचा प्रयत्न करणार नाही.

कार्ड बदलण्याआधी वीजपुरवठाही तपासा. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ने ०एक्स० आले तर ठीक. ०एक्स५०००० आले तर मागे कधीतरी व्होल्टेज पडले होते. मोबाइलचा चार्जर काढा. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा, तोही आखूड आणि जाड तारेचा, अडॅप्टर लागतो.

प्रश्न : हा सगळा व्याप कशाला? एसक्यूलाइटची (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) फाइल पायवर सांबाने (जाळ्यावर फाइली वाटणारी सेवा) शेअर केली तर?

एकच जण उघडणार असेल तरीही नको. एसक्यूलाइटचा सगळा भरवसा फाइलींच्या कुलपांवर आहे, आणि जाळ्यावरून शेअर केलेल्या फाइलीवर ती कुलपे भरवशाची राहत नाहीत. प्रोग्राम नोंद टाकतो आहे आणि तिकडे लॅपटॉपने फाइल उघडली, तर ती बिघडू शकते. एसक्यूलाइट पायवरच वापरा आणि लॅपटॉपसाठी ‘.बॅकअप’ आज्ञेने काढलेली प्रत शेअर करा.

प्रश्न : पोस्टग्रेसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसला हेच लागू का?

विचार तोच, फाइली वेगळ्या. पोर्ट ५४३२. पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ मध्ये ‘लिसन_ॲड्रेसेस’ आणि पीजी_एचबीए.कॉन्फ मध्ये अशी एक ओळ :

होस्ट बाग रीडर १९२.१६८.१.०/२४ स्क्रॅम-शा-२५६

पीजी_एचबीए बदलल्यावर ‘रीलोड’ पुरते, लिसन_ॲड्रेसेसला ‘रीस्टार्ट’च लागतो. ‘नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री’ आले तर मारियाडीबीच्या ११३० सारखे समजा. या फाइलीत वरून पहिली जुळणारी ओळ चालते, म्हणून नवी ओळ तळाशी टाकून उपयोग होत नसेल तर वरच्या ओळी वाचा.

प्रश्न : लॅपटॉपवर डेबियन १३ घेतले आणि कालपर्यंत चालणारी जोडणी २०२६ क्रमांकाची चूक देऊ लागली. पायवर अजून बुकवर्म आहे.

मारियाडीबीच्या ११.४ पासूनचा क्लायंट सर्व्हरचे टीएलएस (जोडणी कूटबद्ध करण्याची पद्धत) प्रमाणपत्र आपणहून तपासतो. बुकवर्मवरच्या १०.११ मध्ये टीएलएस मुळात चालूच नसते, म्हणून क्लायंट अडतो. एसएसएचच्या बोगद्यातून येत असाल तर ‘--स्किप-एसएसएल’ द्या. प्रवास आधीच कूटबद्ध आहे. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या सामायिक वायफायवरून थेट ३३०६ ला जोडत असाल तर हा पर्याय वापरू नका, कारण नोंदी उघड्याने जातात. तिथे बोगदा घ्या किंवा पायही डेबियन १३ वर आधारित आवृत्तीवर न्या. ते जुन्यावर चढवण्यापेक्षा नव्या कार्डावर बसवा. आधी ‘मारियाडीबी-डंप --सिंगल-ट्रान्झॅक्शन’ने प्रत काढून ती लॅपटॉपवर उतरवा, नव्या कार्डावर भरा, आणि तिथे सर्व नोंदी दिसेपर्यंत जुने कार्ड पुसू नका.